चिलखताचं फिटिंग

पेरूचा हंगाम सुरू झाला की आमच्या घरात दुसऱ्या कशाचाच वास टिकत नाही. धुतलेल्या चादरींना पेरूचा वास, डब्यातल्या पिठाला पेरूचा वास, शिवून ठेवलेल्या ब्लाउजनाही तोच. गिऱ्हाइकं घडी उलगडून हुंगतात आणि म्हणतात, "काकू, तुमचं शिवलेलं डोळं झाकून वळखू येतं." मी म्हणते, वासाची तक्रार बागवाल्याकडे करा, मी फक्त शिवते. बागवाला म्हणजे माझा नवरा. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत ते झाडांशी बोलतात आणि माणसांना हुंकार देतात.

यंदाही परवा पहिले क्रेट ओट्यावर आले, आणि मला तीन वर्षांपूर्वीचा हंगाम आठवला. त्या हंगामात मी चिलखत केलं. हो, चिलखत. छाती, पाठ, खांदे, पोटऱ्या, सगळ्याला. तीस वर्षं राहात्यात ब्लाउज, परकर, फॉल-पिको करणाऱ्या बाईनं अंतराळात घालायचं चिलखत केलं. कशासाठी, असं अजूनही कुणी विचारलं की मी दोऱ्याचं रीळ शोधायला लागते. माणसानं कळलेल्या गोष्टींबद्दल लिहावं म्हणतात. तसं पाहिलं तर मी लिहायलाच नको.

आमची मयूरी तेव्हा बावीस वर्षांची. डिप्लोमा करून सुप्याला एका कंपनीत लागली होती, माल तपासायच्या विभागात. खोली घेऊन दोघी-तिघी मुली राहायच्या. त्या दिवाळीत ती घरी आली ती दोन बॅगा आणि गुंडाळलेली गादी घेऊन. मी दारातच ओळखलं. सुट्टीवर येणारं माणूस गादी आणत नाही. "काम सोडलं," एवढंच म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली.

मग काहीच नाही. भांडण नाही, रडणं नाही. सकाळी उठायची, अंगात ती टोपीची जाड हुडी चढवायची आणि भिंतीला टेकून बसायची. ताट वाढलं की दोन घास इकडचे तिकडे करायची. करंजी मोडून ठेवायची, खायची नाही. तिच्या पप्पांनी बागेतला पहिला पिकलेला पेरू तिखटमीठ लावून पुढ्यात ठेवला. संध्याकाळी त्याच्या फोडी तशाच काळ्या पडलेल्या होत्या. त्या दिवसांत मला बाकी कशाची काळजी नव्हती. ही पोर परत माणसात येते का नाही, एवढाच घोर होता.

"तू इचार तिला," तिचे पप्पा मला बागेत नेऊन म्हणायचे.

"तुम्ही विचारा."

"मी बाप हाय. बापाला पोरी सांगत न्हाईत. तू आई हायेस का कोन हायेस?"

त्यांचं काय जातं, उंटावरून शेळ्या हाकायला. मी रोज ठरवायचे की आज विचारायचं. तिच्या खोलीपर्यंत जायचे आणि "चहा टाकू का गं" एवढं विचारून परत यायचे. गावाला काही सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण माझ्या दुकानात दिवसाला पंधरा बाया येतात, आणि मूठ उघडून बघायची हौस त्या पंधराही जणींना.

आठवड्यानं ती आपणहून दुकानात आली. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. म्हणाली, "आई, मोठा खाकी कागद आहे का? आणि खडू?" घरी आल्यापासून तिनं मागितलेली ती पहिली वस्तू. मी अख्खी गुंडाळी दिली.

दुपारपर्यंत तिनं वहीतली एका बाईची चित्रं दाखवली. शाळेपासून ती अशी चित्रं काढायची, हे मला माहीत होतं. त्यातल्या बाईला नाव आहे, गाव आहे, धंदा आहे, हे माहीत नव्हतं. ताऱ्यांमधून जाणारी मोठमोठी जहाजं असतात म्हणे, आणि ही बाई बाहेरून लटकून ती दुरुस्त करते. तिच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत चिलखत. पुण्याला संक्रांतीनंतर एक मेळावा होता. तिथं लोक असे स्वतः बनवलेले पोशाख घालून जमतात. मयूरीला त्या बाईचं चिलखत करून तिथं जायचं होतं.

"लढाई करते का ही?" मी विचारलं.

"नाही गं. दुरुस्ती करते."

"मग एवढं जाड कशाला?"

"बाहेर हवा नसते, आई."

"बक्षीस किती हाय?" तिचे पप्पा दारातून म्हणाले.

"बक्षीस नाही."

"नाटक हाय का?"

"नाटक पण नाही. नुसतं घालून जायचं."

आम्ही नवरा-बायको एकमेकांकडे बघत राहिलो. नोकरी सोडलेली पोर, घास जात नाही, आणि हिला अंतराळातल्या गवंडीणबाईचा पोशाख हवा. खरं सांगते, मला त्या क्षणी राग आला होता. पण ती सलग चार वाक्यं बोलली होती. मी टेप गळ्यात टाकला आणि म्हणाले, "उभी राहा, माप घेते."

ती मागे सरकली. "माझा जुना ड्रेस घे ना मापाला."

यात मला काही वावगं वाटलं नाही, कारण आमच्या धंद्याची रीतच ती. अंगाचं माप कुणी देत नाही. बाया पिशवीतून आपला नीट बसणारा एक जुना ब्लाउज आणतात, मापाचा ब्लाउज म्हणतात त्याला, आणि तो ठेवून जातात. त्यावरून नवा बेतायचा. टेप लावायची वेळच येत नाही, लाजायला नको की पोट आत ओढायला नको. मी तिचा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा पिवळा ड्रेस घेतला, टेबलावर पसरला आणि त्यावरून खाकी कागदाचे तुकडे कापले. छाती चौतीस, कंबर अठ्ठावीस.

मोबाईलवरून फोमचे काळे तक्ते मागवले होते, चपलेच्या तळाला असतो तसले, बोटभर जाड. मी पहिल्याच दिवशी कात्री लावली आणि कात्रीची धार घालवली. मग मयूरीनं ब्लेडनं कसं कापायचं ते दाखवलं. तीस वर्षांचा हात माझा, आणि पोरीकडून कापायला शिकले. फोमला कापडाचा एकही गुण नाही. दुमडत नाही, चुण्या घेत नाही, सुई टोचली की भोक तसंच राहतं. आणि आत माया सोडता येत नाही. ब्लाउजला आम्ही शिवणीत दोन बोटं कापड जादा ठेवतो, उद्या बाई अंगानं भरली तर उसवून सैल करता यावं म्हणून. फोमला कडेला कड लावून चिकटवायचं, जेवढ्यास तेवढं.

खांद्याचा गोलवा कसा आणायचा यावर आम्ही अडलो. तिथं तिचे पप्पा कामाला आले. शेतातले प्लास्टिकचे पाइप जोडताना तोंड तापवून फुगवतात, ते त्यांना झोपेतही जमतं. त्यांनी फोमचा तुकडा शेगडीवर लांबून शेकला आणि माझ्या दुधाच्या पातेल्यावर दाबून धरला. निवल्यावर खांदा तयार. "राहात्यावर कुठल्या ग्रहावाल्यांचा डोळा हाय, ते तरी कळू द्या," असं म्हणत त्यांनी दुसराही करून दिला. गुडघ्यांना वाट्या वापरल्या, आणि शिरस्त्राणाला पाण्याचा हंडा. चार दिवस माझ्या स्वयंपाकघरात एक भांडं जागेवर नव्हतं.

छाती आणि पाठ जोडून झाल्यावर पहिलं फिटिंग केलं. तिला नाइलाजानं हुडी काढावी लागली. आत टी-शर्ट होता. मी तिच्या अंगावर ते चढवलं, बाजूच्या वेल्क्रोच्या पट्ट्या लावल्या, आणि ते तसंच फिरलं. पुढचं मागे गेलं. आत माझा अख्खा हात जात होता.

मी टेप काढला आणि तिनं नको म्हणायच्या आत लावला. तीस. चार इंच.

अगं बाई, मी कुठली शिंपीण? गावातल्या कुठल्या बाईला दिवस गेले, कुणाला सासरी धड खायला मिळत नाही, हे मी ती दारातून येतानाच सांगते. घटलेलं एक बोटही माझ्या नजरेतून सुटत नाही. आणि पोटची पोर चार इंचांनी वाळली, ती पंधरा दिवस माझ्या डोळ्यांपुढे बसून होती, आणि मी तिच्या हुडीला शिव्या देत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला स्वतःची इतकी चीड आली की मी मशीनवर बसून उगाच एक जुना परकर उसवला.

दुसऱ्या दिवशी मी फोम घेतला आणि दोन्ही बाजूंनी जादा झालेला भाग ब्लेडनं कापून टाकला. तिच्या अंगाबरोबर बसवलं. तेव्हा मला ते बरोबर वाटलं. गिऱ्हाईक जसं आहे तसं शिवायचं.

आता सोल्यूशनबद्दल सांगायला हवं. फोम चिकटवायला चांभाराकडे असतं तेच सोल्यूशन लागतं. दोन्ही कडांना बोटानं लावायचं आणि मग थांबायचं. लगेच जोडलं तर धरत नाही. दहा मिनिटं वाळू द्यायचं, आणि तोवर हात कशाला लावायचा नाही, नाहीतर ते तिथंच चिकटतं. मयूरी लावायची आणि दोन्ही हात वर धरून ओट्यावर बसून राहायची.

एके दुपारी ती तशीच बसली होती. समोर पप्पा पेरूंना फोमची जाळी चढवून क्रेट भरत होते. मी भाकरी आणि मेथी घेऊन खायला बसले होते. सहज, काही न ठरवता, मी एक घास तिच्या तोंडापुढे धरला. तिनं तोंड उघडलं. तिचं लक्ष खांद्याच्या पट्ट्याकडे होतं. "आई, इथं अजून एक जोड घ्यावा लागेल," असं चावता चावता म्हणाली. मी दुसरा घास दिला, तिसरा दिला. दहा मिनिटांत दीड भाकरी गेली. पप्पांच्या हातातला पेरू हातातच राहिला होता. मी त्यांना डोळ्यांनीच दटावलं, एक शब्द काढाल तर बघा.

तेव्हापासून मी बेरकी झाले. जेवणाची वेळ आली की मला चिलखतात दोष दिसायला लागायचे. पोटरी सरळ बसत नाही गं. पाठीवरचा जोड उघडा पडलाय. मनगटाला अजून एक पट्टी पाहिजे. ती वैतागायची, म्हणायची, "आई, अंतराळात कोण बघायला येणार आहे?" मी म्हणायचे, मी बघते ना. मग ती सोल्यूशन लावायची, हात वर धरायची आणि मी ताट घेऊन बसायचे. दोनदा तर ती भाजी आणायला गेल्यावर मी चांगला धरलेला जोड ओढून सोडवला. शिलाईत मुद्दाम खोट काढणारी बाई मला भेटली असती तर मी तिला दुकानात उभी केली नसती.

घास देताना प्रश्न माझ्या जिभेवर असायचा. काय झालं गं तिकडं? कुणी काही बोललं का? कुणी काही केलं का? माझ्या मनात काय काय यायचं ते लिहवत नाही. पण त्याच सुमाराला शेजारच्या लताबाई ब्लाउज न्यायला आल्या. मयूरी दुकानात होती. त्यांनी तिला वरून खाली बघितलं आणि म्हणाल्या, "काय गं, लईच वाळलीस की. कामावरनं काढलं का काय?" मयूरीनं हातातलं ब्लेड टेबलावर ठेवलं आणि आत गेली. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाण्याशिवाय काही घेतलं नाही. लताबाईंचा ब्लाउज मी त्यानंतर तीनदा लांबणीवर टाकला, आणि चौथ्यांदा दिला तो गळा उंच शिवून. पण माझ्यापुरतं मी ठरवूनच टाकलं, किंवा ठरलं म्हणा आपोआप. प्रश्न गिळायचा आणि घास पुढे करायचा.

डिसेंबर तसाच गेला. थंडीत सोल्यूशन वाळायला जास्त वेळ लागायचा, ते बरंच झालं. पप्पांनी टेम्पो रंगवणाऱ्याकडून उरलेला राखाडी रंग आणला. आतून अंगाला काचू नये म्हणून मी पेरूच्या जाळ्या उलगडून अस्तरासारख्या लावल्या. मयूरी आता दिवसभर बोलायची. कुठल्या भागाला काय म्हणतात, ती बाई एकटीच का जाते, दोर तुटला तर काय करते. मला निम्मं कळायचं नाही. मी विचारायचे, "मग हिचं घर कुठंय?" ती म्हणायची, "ते अजून ठरवलं नाही." पप्पा म्हणायचे, "राहात्याला ठेव. हितनं विमानतळ जवळ हाय." ती हसली. घरी आल्यापासून पहिल्यांदा दात दिसले तिचे, आणि मी उठून चुलीपाशी गेले.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी शेवटचं फिटिंग होतं. ओट्यावर उजेडात उभी केली. पोटऱ्या चढवल्या, मांड्या चढवल्या, त्या जरा ओढून लावाव्या लागल्या. खांदे बसले. मग छाती-पाठ घातली आणि मी बाजूची पट्टी ओढली. पोचेना. तिला श्वास सोडायला सांगितलं. पोचेना. मी गुडघा टेकून जोर लावला तरी दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटं अंतर राहिलं.

"असं कसं?" मयूरी म्हणाली. "मागच्या वेळी तर बसत होतं."

मी टेप लावला. तेहतीसच्या वर.

"तूच कापलंस ना, आई? सगळं जादा कापून टाकलंस. आता हे वाढवणार कसं? फोम काय उसवता येतो का? दोन महिने घालवले मी यात." ती खरंच चिडली होती. डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि मी खाली बसले आणि हसायला लागले. धंद्यातलं माझं इतकं वाईट फिटिंग दुसरं कुठलंच नसेल. एकाही गिऱ्हाइकाचं मी असं वाटोळं केलं नव्हतं. मला हसू आवरेना, मग मी रडायला लागले, आणि ती अंगात निम्मं चिलखत अडकवून माझ्याकडे बघत राहिली.

"हसतेस काय? रडतेस काय? मला काही कळत नाहीये," ती म्हणाली.

मलाही कुठं सांगता येत होतं? मी नाक पुसलं आणि आत जाऊन जाड काळ्या कापडाच्या दोन पट्ट्या कापल्या. कुडत्याला बाजूनं कळी घालावी तशा दोन्हीकडे बसवल्या, या वेळी सढळ हातानं. फोमला दाभणानं टोचून टोचून शिवल्या. बोटांना दोन दिवस सूज होती. सकाळच्या एसटीनं ती पुण्याला गेली, चिलखत पेरूच्या दोन क्रेटमध्ये घालून. फोटो पाठवला. तिच्या आजूबाजूला केवढे चकचकीत लोक होते. तिच्या दोन्ही कुशींना माझ्या काळ्या पट्ट्या स्पष्ट दिसत होत्या, आणि ती त्यात उभी होती, गाल वर आलेले. पप्पांनी तो फोटो बागेतल्या गड्यांना दाखवला आणि वर सांगितलं, "खांदं मी केल्यात."

त्यानंतर महिनाभरानं तिनं पुण्यात दुसरं काम धरलं. गादी नेली. आता ती बरी आहे. खाते-पिते, भांडते, फोनवर मलाच औषधं वेळेवर घे म्हणून ओरडते. चिलखत माझ्या दुकानात कपाटाच्या वर आहे. सुप्याला काय झालं होतं, ते मला आजही माहीत नाही. ते एक बोचत राहिलं आहे. आई म्हणवून घ्यायचं, आणि पोर वाळत असताना साधं विचारायची हिंमत नाही. दुसरी कुणी असती तर तिनं खोलीचं दार लावून, शपथ घालून, सगळं काढून घेतलं असतं. दुखणं कळलं असतं, कदाचित कुणाला जाब विचारता आला असता. मी काय केलं तर फोम चिकटवला.

परवा क्रेट आले त्या संध्याकाळी तिचा फोन होता. इकडचं तिकडचं झालं. मग माझ्या तोंडून निघून गेलं, कसं ते माहीत नाही. "मयू, तेव्हा सुप्याला काय झालं होतं गं?"

तिकडून दार लोटल्याचा आवाज आला.

"सांगीन आई," ती म्हणाली. "सगळं सांगीन. आज नको."

"बरं."

"तू तेव्हा विचारलं नाहीस ना, म्हणून मी घरी राहू शकले. माझं ठरलं होतं, कुणी विचारलं की त्याच दिवशी निघून जायचं. कुठं ते ठरलं नव्हतं, पण जायचं. रोज वाट बघायचे मी, आज आई विचारणार. तू ताट घेऊन यायचीस आणि पोटरीचा जोड उघडलाय म्हणून सांगायचीस." मग म्हणाली, "तुला कळलं होतं ना सगळं? म्हणूनच विचारलं नाहीस ना?"

पप्पा समोर क्रेट लावत होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"हो," मी म्हणाले, "कळलं होतं."

मला काहीही कळलं नव्हतं. मी घाबरले होते.